सासेनहाइमचा फोन : लिव्हरपूलचे तपास अधिकारी आणि कर्टिस वॉरन

हॉलंडमध्ये लायडन आणि हार्लेमच्या मधल्या पट्ट्यात सासेनहाइम नावाचं गाव आहे. भोवती फुलांच्या कंदांची शेती, सपाट जमीन, सरळ रेषेतले कालवे. १९९५ मध्ये तिथल्या एका बंगल्यात तिशी ओलांडलेला एक इंग्रज येऊन राहिला. दारू-सिगारेटला न शिवणारा, काही लिहून न ठेवणारा, नावं आणि आकडे डोक्यात साठवणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती. जन्म ३१ मे १९६३, लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागातला. नाव कर्टिस वॉरन, धंदा अमली पदार्थांच्या तस्करीचा. लिव्हरपूलच्या गल्ल्यांत त्याला ‘कॉकी’ म्हणत. बागेच्या किंवा गोदीच्या रखवालदारासाठी तिथल्या बोलीत हा जुना शब्द आहे.

तो कागदावर काही ठेवत नव्हता हे खरं, पण फोनवर मात्र मोकळेपणाने बोलत होता. आणि तो बोलायला लागला की डच पोलिसांच्या टेपची चाकं फिरू लागत.

डच माणसाला इंग्रजी चांगलं येतं. पण हे इंग्रजी वेगळंच होतं. आयरिश आणि वेल्श लोकांच्या, खलाशी आणि हमालांच्या पिढ्यांनी लिव्हरपूलच्या गोदीत घडवलेली ही बोली, तिला ‘स्काउस’ म्हणतात. ती नाकातून आणि घशातून येते, भरभर येते, आणि लंडनच्या माणसालाही दोनदा विचारावं लागतं. त्यात फोनवर कुणालाच खरं नाव नाही. एक ‘व्हॅम्पायर’, एक ‘वेअरवुल्फ’, एक ‘पाय फुटलेलं अंडं’, आणि मग त्या अंड्याचा भाऊ. मुंबईत ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती मुंबईतल्या खंडणीच्या संभाषणाची टेप दिली तर त्याला काय कळेल? कानात हेडफोन घालून बसलेल्या डच अधिकाऱ्याचं तेच झालं. म्हणून लिव्हरपूलहून तिथल्या बोलीत वाढलेले पोलीस मदतीला आले. अंडं कोण, त्याचा भाऊ कोण, हे त्यांना आवाजावरून कळत होतं.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते या टेपांमुळे. हेच बोलणं, याच माणसाचं, याच मालाबद्दलचं, लिव्हरपूलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टॅप झालं असतं, तर ब्रिटनच्या कुठल्याही कोर्टात त्यातला एक शब्दही ऐकवता आला नसता. तो समुद्र ओलांडून गेला म्हणून ऐकवता आला. आणि ज्या टेपांनी त्याला अडकवलं, त्याच टेपांत लिव्हरपूल पोलिसांना स्वतःच्याच घरातलं एक नाव ऐकू आलं.

बंदर

लिव्हरपूल समजून घ्यायचं तर मर्सी नदीपासून सुरुवात करावी लागते. एकेकाळी नदीकाठाने मैलोन् मैल गोद्या होत्या. कापूस, साखर, तंबाखू आणि त्याआधी गुलामांचा व्यापार, सगळं या पाण्यावरून झालं. मग कंटेनर आले. शंभर माणसांचं काम एक क्रेन करू लागली. शहराच्या पोटातल्या गोद्या बंद पडत गेल्या, १९७२ मध्ये ॲल्बर्ट डॉकही बंद झाला आणि काम नदीच्या मुखाशी सीफोर्थला सरकलं. घराघरांतून बाप आणि मुलगा दोघं गोदीवर जात, त्या घरांत दोघं बसून राहू लागले. सप्टेंबर १९९५ मध्ये उरल्यासुरल्या गोदी कामगारांपैकी सुमारे ५०० जणांना कामावरून काढलं गेलं आणि त्यांचा लढा जानेवारी १९९८ पर्यंत चालला. गिरणी संपाच्या आठवणी ज्या घरांत आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

वॉरनचा बाप खलाशी होता, नॉर्वेच्या व्यापारी जहाजांवर. आईकडचे आजोबा जहाजांच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला. म्हणजे हा मुलगा बंदराच्याच पोटचा. तो अठरा वर्षांचा असताना, जुलै १९८१ मध्ये, टॉक्सटेथमध्ये दंगल उसळली. काळ्या तरुणांना येता-जाता अडवून झडती घेण्याच्या पोलिसी सवयीचा राग त्यामागे होता. त्या दंगलीत पोलिसांनी अश्रुधूर सोडला. इंग्लंडच्या भूमीवर दंगल मोडायला तो वापरण्याची ती पहिलीच वेळ.

हे मी वॉरनची बाजू घ्यायला लिहीत नाही. त्याच गल्लीत वाढलेल्या हजारो मुलांनी हेरॉइन विकलं नाही, आणि त्याच गल्लीतली मुलं हेरॉइनने आधी मेली. पण तपास अधिकाऱ्याच्या बाजूने पाहा. टॉक्सटेथमध्ये साक्षीदार शोधायला जायचं तर दार उघडणाऱ्याच्या मनात १९८१ असायचंच. पोलिसांना काही सांगायचं नाही, हा त्या वस्तीचा न लिहिलेला नियम झाला होता. माणसं बोलत नाहीत म्हटल्यावर उरतात ते कागद, माल आणि आवाज.

शिशाच्या लाद्या

१९९१ च्या शरदात वॉरन आणि मिडल्सबरोचा एक गाड्यांचा व्यापारी व्हेनेझुएलाला गेले. काही दिवसांनी तिथून इंग्लंडच्या फेलिक्सस्टो बंदरात शिशाच्या लाद्या आल्या.

कस्टम्सना संशय होता. त्यांनी लादीला ड्रिल लावलं. शिसं मऊ असतं, पातं सहज आत शिरतं, भुगा करडा निघतो. निघाला तोही करडाच. पांढरं काही दिसलं नाही, माल सोडून दिला. नंतर कळलं की लादीच्या गाभ्यात पोलादी पेट्या बसवलेल्या होत्या आणि ड्रिलचं पातं तिथवर पोचण्याइतकं लांब नव्हतं. सुमारे ५०० किलो कोकेन असं देशात गेलं. ज्या अधिकाऱ्याने ते ड्रिल हातात धरलं असेल त्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याची शंका खरी होती, लादीही बरोबर निवडली होती, पातं तेवढं आखूड पडलं.

पुढच्या खेपेला, १९९२ च्या सुरुवातीला, चूक झाली नाही. ९०० किलोंहून जास्त कोकेन पकडलं गेलं आणि माणसंही पकडली गेली. न्यूकॅसलच्या क्राउन कोर्टात खटला उभा राहिला. आणि कोसळला. कारण तो मिडल्सबरोचा व्यापारी एका पोलीस पथकाचा खबऱ्या होता. एका खात्याने ज्याला सूत्रधार म्हणून उभं केलं, तो दुसऱ्या खात्याचा माणूस निघाला. जानेवारी १९९३ मध्ये त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले, पुढे वॉरनही त्याच वर्षी निर्दोष सुटला.

पोलीस आणि कस्टम्स यांनी एकमेकांपासून खबरे लपवणं हे नवीन नव्हतं आणि फक्त इंग्लंडचंही नव्हतं. खबऱ्या हा अधिकाऱ्याचा खासगी ठेवा असतो, तो दुसऱ्याला सांगितला की हातचा जातो, ही भीती जगभर सारखीच आहे. पण इथे त्या भीतीची किंमत मोजली ती त्या शहराने. सुटून आलेला वॉरन आता पूर्वीचा गल्लीतला पोरगा राहिला नव्हता. दक्षिण अमेरिकेतून थेट माल आणणारा, दलाल टाळणारा मोठा व्यापारी झाला होता.

मे १९९५ मध्ये टॉक्सटेथमध्ये एका माणसाचा दिवसाढवळ्या गोळ्या घालून खून झाला आणि टोळ्यांत गोळीबारांची मालिका लागली. मर्सीसाइड पोलिसांना, म्हणजे लिव्हरपूल परिसराच्या पोलीस दलाला, शस्त्रधारी शिपाई उघडपणे रस्त्यावर फिरवावे लागले. ज्या देशात बीटवरच्या हवालदाराकडे बंदूक नसते, तिथे हे दृश्य लोकांच्या मनाला लागलं. धंद्याला असा गोंगाट परवडत नाही. त्याच वर्षी वॉरनने मुक्काम हॉलंडला हलवला.

न ऐकण्याचा कायदा

आता ब्रिटिश कायद्याकडे यायला हवं, कारण प्रकरणाची खरी गाठ तिथे आहे.

ब्रिटनमध्ये फोन टॅप करायची परवानगी तेव्हा न्यायाधीश देत नसे, गृहमंत्री देत असे. १९८४ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात ठरवलं की असं टॅपिंग स्पष्ट कायद्याशिवाय चालणार नाही. म्हणून १९८५ चा कायदा आला. त्याच्या नवव्या कलमाने टॅपिंगची परवानगी होती की नव्हती, टॅपिंग झालं की नाही, हे सूचित करणारा पुरावा देण्यास बंदी घातली. इतकंच काय, ते सूचित होईल असा प्रश्नसुद्धा साक्षीदाराला विचारायचा नाही.

याचा अर्थ रोजच्या कामात काय होतो ते बघा. मंगळवारी रात्री अमुक लॉरी माल घेऊन अमुक गोदामात येणार, असं फोनवर ऐकू आलं. अधिकारी लॉरी अडवतात, माल सापडतो. खटल्यात वकील विचारतो, रस्त्यावरच्या इतक्या लॉऱ्यांतून हीच का अडवली? खरं उत्तर देता येत नाही. मग फोन जणू नव्हताच अशा रीतीने प्रकरण उभं करावं लागतं : पाळत, फोटो, बोटांचे ठसे, हॉटेलची बिलं. आणि जो माणूस मालाला कधी हातच लावत नाही, लॉरीच्या जवळपास फिरकत नाही, ज्याचा या गुन्ह्यातला सगळा सहभाग म्हणजे फक्त आवाज आहे, तो या जाळ्यातून निसटतो. हमाल तुरुंगात जातात आणि मालक बाहेर राहतो.

त्यात आणखी एक विसंगती. त्याच माणसाच्या खोलीत छुपा मायक्रोफोन बसवला आणि तो शेजारी बसलेल्या मित्राशी बोलला, तर ते रेकॉर्डिंग कोर्टात चालतं. १९९६ मध्येच हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तसा निकाल दिला होता. सोफ्यावर बसून बोललेलं चालतं, तेच फोनवर बोललेलं चालत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे ‘मकोका’ म्हणतात त्याने, चौदाव्या कलमात वरिष्ठांच्या परवानगीने फोन ऐकण्याची आणि ते बोलणं पुरावा म्हणून वापरण्याची मुभा दिली. टोळीच्या म्होरक्याला गुन्ह्याशी जोडणारा धागा बहुधा आवाजाचाच असतो, हे मुंबईच्या अनुभवावरून कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. ब्रिटनच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी तिथल्या सरकारांनी बंदी उठवली नाही, आणि त्यामागचं कारण अगदीच टाकाऊ नाही. एकदा टेप कोर्टात आली की बचाव पक्ष सगळ्या टेपा मागणार. शेकडो तासांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवावं लागणार. कुठली यंत्रणा काय ऐकू शकते, कशी ऐकते, हे गुन्हेगारांना कळणार. हेर खात्यांना ही भीती जास्त होती आणि त्यांचं वजनही जास्त होतं. २००८ मध्ये सर जॉन चिलकॉट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तत्त्वतः परवानगी द्यावी असं म्हटलं, पण सोबत अटींची यादी जोडली. त्या अटी काही जुळल्या नाहीत. १९८५ चं ते कलम २००० च्या कायद्यात गेलं, तिथून २०१६ च्या कायद्यात छपन्नावं कलम होऊन बसलं. आजही आहे.

मला ही बंदी चुकीची वाटते. वस्तीतला माणूस जिवाच्या भीतीने साक्ष देत नाही, तेव्हा कोर्टापुढे उभा राहू शकणारा आणि धमकावता न येणारा साक्षीदार म्हणजे आरोपीचा स्वतःचा आवाज. तोच दाराबाहेर ठेवला तर सगळं ओझं त्या घाबरलेल्या शेजाऱ्यावर पडतं.

हॉलंडमध्ये

लिव्हरपूलच्या तपास पथकांनी आणि कस्टम्सने १९९३ ची भांडणं मागे टाकून आता एकत्र काम सुरू केलं होतं. त्यांनी डच पोलिसांशी संधान बांधलं. वेळ मात्र नाजूक होती. डच पोलीस स्वतःच चौकशीच्या फेऱ्यात होते. बड्या तस्करांना पकडायच्या नादात पोलिसांच्या देखरेखीखाली अमली पदार्थ बाजारात जाऊ दिले गेले, असं उघड झालं होतं. खासदार मार्टेन फान त्रा यांच्या संसदीय समितीने फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. खबरे वापरून माल सोडण्याचे खेळ आता कुणी खेळणार नव्हतं. न्यायाधीशाच्या हुकमाने केलेलं फोन टॅपिंग हा मात्र स्वच्छ मार्ग होता. डच कोर्टात टेप चालते, आणि डच पोलीस ती वापरण्यात तरबेज होते.

मग महिनोन् महिने वॉरन बोलत राहिला. कदाचित परदेशात आपली बोली कुणाला कळणार नाही असं त्याला वाटत असेल. कदाचित इंग्लंडमध्ये फोनचा पुरावा चालत नाही या सवयीने जीभ सैल झाली असेल.

२४ ऑक्टोबर १९९६ ला डच पोलिसांनी धाड घातली. व्हेनेझुएलाहून आलेल्या कंटेनरमध्ये ४०० किलो कोकेन होतं. त्याशिवाय १,५०० किलो चरस, ६० किलो हेरॉइन, ५० किलो एक्स्टसी, पिस्तुलं, हातबाँब, खोटे पासपोर्ट आणि रोख रक्कम. सगळ्याची किंमत १२.५ कोटी पौंडांच्या घरात सांगितली गेली. आणि अश्रुधुराच्या ९०० हून जास्त नळकांड्या. १९८१ मध्ये पोलिसांनी त्याच्या गल्लीत जो धूर सोडला होता, तोच आता खोक्यांनी भरून त्याच्या मालात निघाला.

जून १९९७ मध्ये हेगच्या कोर्टाने त्याला १२ वर्षांची शिक्षा दिली. तो तुरुंगात असतानाच, १९९८ मध्ये, ‘संडे टाइम्स’च्या श्रीमंतांच्या यादीत त्याचं नाव ४ कोटी पौंडांच्या मालमत्तेसह छापून आलं.

आपल्यातलाच एक

पण त्या टेपांमध्ये कोकेनखेरीज आणखी काही होतं.

१९९६ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या एका नाइट क्लबबाहेर राडा झाला. वॉरनच्या जवळच्या गोतावळ्यातल्या एका तरुणाने बंदूक काढली आणि ती पोलिसावर रोखली, असा आरोप होता. प्रकरण गंभीर होतं, मोठी शिक्षा झाली असती. त्यानंतर सासेनहाइमच्या फोनवर एक वेगळाच विषय निघू लागला : मर्सीसाइड पोलिसांतला एक वरचा अधिकारी आहे, तो पैशांवर मदत करायला तयार आहे.

तो अधिकारी होता एल्मोर डेव्हिस, हुद्दा डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर. अमली पदार्थविरोधी पथकात वरच्या जागेवर काम केलेला माणूस. ज्या टोळीच्या मागे त्याचे सहकारी होते, तिलाच त्याने सरकारी बाजूची माहिती विकायला काढली होती. ठरलेली किंमत १०,००० पौंड.

इथे थोडं थांबायला हवं. टेप ऐकून अर्थ लावणारे पोलीस लिव्हरपूलचे होते. अंडं कोण आणि त्याचा भाऊ कोण हे सांगण्यासाठी ते आणले गेले होते. त्यांच्याच खात्याबद्दलचं हे बोलणं कळल्यावर पुढे काय करायचं? डेव्हिसला सुगावा लागू द्यायचा नाही, म्हणजे त्याच्यासोबत चहा पिणाऱ्यांनाही काही सांगायचं नाही. कॅन्टीनमध्ये तो समोर आला तर नेहमीसारखं हसून बोलायचं. पथकातल्या कुणावर किती विश्वास ठेवायचा याचा हिशेब रोज नव्याने मांडायचा. आणि दुसरीकडे जुनी प्रकरणं आठवायची : अमुक धाडीला घर रिकामं सापडलं होतं, ते नशीब होतं की फोन गेला होता? प्रामाणिक अधिकाऱ्याला गुन्हेगाराने फसवलं तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने फसवलं तर मागची सगळी वर्षं संशयित होतात.

तपास गुपचूप चालला आणि तडीस गेला. सप्टेंबर १९९८ मध्ये डेव्हिसला पाच वर्षांची शिक्षा झाली. पैशांच्या व्यवहारात मध्यस्थी करणारा एक माजी पोलीस शिपाई टीव्हीवरच्या ताकदीच्या खेळांमुळे घराघरांत ओळखीचा झाला होता. त्याला १५ महिने मिळाले. लहान मुलं ज्याचे स्नायू पाहून टाळ्या वाजवत होती, त्याचं नाव या खटल्यात आल्याने इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावरच जास्त शाई खर्च केली. माझ्या मते खरी बातमी डेव्हिसची होती. मर्सीसाइड पोलिसांनी आपल्याच वरिष्ठाला सोडलं नाही, याचं श्रेय द्यायला हवं. मात्र हेही नोंदवायला हवं की त्याचं नाव पहिल्यांदा परक्या देशाच्या टेपवर आलं. तो फोन हॉलंडमधून टॅप झाला नसता तर डेव्हिस किती दिवस त्या खुर्चीत बसला असता?

नंतरचं

वॉरनची गोष्ट इथे संपली नाही. १९९९ मध्ये तुरुंगातल्या मारामारीत त्याच्या हातून एक कैदी मेला, त्याची चार वर्षं वाढली. २००७ मध्ये सुटून आला आणि काही आठवड्यांतच चॅनेल बेटांपैकी जर्सीमध्ये, चरस आणण्याच्या कटात, पुन्हा पकडला गेला. पुन्हा पुरावा आवाजाचाच. भाड्याच्या गाडीत जर्सी पोलिसांनी मायक्रोफोन बसवला होता. फ्रान्स आणि बेल्जियमने त्यांच्या हद्दीत ध्वनिमुद्रणाची परवानगी दिलेली नसताना त्यांनी ते चालू ठेवलं. हा प्रश्न थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे जर्सीसाठीच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेला. न्यायमूर्तींनी पोलिसांना खडे बोल सुनावले, पण २०११ मध्ये १३ वर्षांची शिक्षा कायम ठेवली. मला हा निकाल बोचतो. ऐकण्याची परवानगी मिळावी असं म्हणणाऱ्याने परवानगीवाचून ऐकणाऱ्याला पाठीशी घालू नये.

२०१३ मध्ये जर्सीच्या कोर्टाने त्याला १९.८ कोटी पौंड भरायचा हुकूम दिला, नाहीतर आणखी दहा वर्षं. डच तुरुंगात भेटीला आलेल्यांपुढे त्याने आपल्या उलाढालीची मारलेली बढाई गुप्तपणे टेप झाली होती, ती त्या वेळी कामी आली. पैसे त्याने भरले नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बाहेर आला.

तोवर धंद्याने फोनवर बोलणं सोडलं होतं. त्याऐवजी ‘एन्क्रोचॅट’ नावाचे कूटलिपीचे फोन आले होते. नुसते मेसेज आणि फोटो, खरं नाव कुठेच नाही. ब्रिटनमध्ये असे सुमारे १०,००० ग्राहक होते. २०२० च्या वसंतात फ्रेंच आणि डच तपास यंत्रणांनी ती यंत्रणा फोडली आणि मेसेज लिव्हरपूलसह सगळीकडच्या पोलिसांच्या टेबलावर आले. पुन्हा समुद्रापलीकडून. आणि पुन्हा तोच वाद : हे टॅपिंग की नाही? टॅपिंग ठरलं असतं तर छपन्नावं कलम आड आलं असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अपील कोर्टाने निर्वाळा दिला की मेसेज वाटेत असताना पकडले नाहीत, फोनच्या आत साठलेले असताना काढून घेतले, म्हणून पुरावा चालेल.

त्या मेसेजांत लिव्हरपूलच्या एका विक्रेत्याचा फोटो होता. त्याचं टोपणनाव ‘टॉफीफोर्स’. ‘टॉफीज’ म्हणजे शहरातल्या एव्हर्टन क्लबचे लोक. फोटोत मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानातला स्टिल्टन चीजचा तुकडा, तळहातावर धरलेला. निळ्या शिरांचं चीज त्याला फार आवडायचं, तेवढंच त्याला दोस्तांना दाखवायचं होतं. मर्सीसाइडच्या तपास अधिकाऱ्यांनी चीज सोडून हाताकडे पाहिलं. फोटो मोठा केला, तळव्यावरच्या आणि बोटांच्या रेषा उतरवून घेतल्या, जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि माणूस सापडला. मे २०२१ मध्ये त्याला १३ वर्षं ६ महिन्यांची शिक्षा झाली. तो फोटो फोनच्या पोटात साठलेला होता म्हणून कोर्टापर्यंत पोचला. तोच माणूस आपल्या धंद्याबद्दल लिव्हरपूलमधल्या साध्या फोनवर बोलला असता आणि पोलिसांनी वॉरंट घेऊन ऐकलं असतं, तर कुठल्याही ज्यूरीच्या कानावर त्यातलं अक्षरही पडलं नसतं.